मृग कुठे जातो? लालबागच्या एका शिक्षिकेच्या चार प्रश्नांना उत्तर

लालबागला राहणाऱ्या आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी चार प्रश्न पाठवले आहेत. जानेवारीत रात्री नऊ वाजता त्यांनी इमारतीच्या गच्चीवरून मुलांना मृग नक्षत्र दाखवले, तेव्हा ते आग्नेयेला चांगले उंचावर होते. एप्रिलात त्याच वेळी ते पश्चिमेला कलले आणि मे उजाडेपर्यंत दिसेनासे झाले, तर ते गेले कुठे, हा पहिला प्रश्न. गुरू वक्री होतो म्हणजे तो खरोखर मागे फिरतो का, हा दुसरा. आपल्याला दिसणारे पुष्कळसे तारे केव्हाच विझलेले असतात असे त्यांनी वर्गात सांगितले आणि एका मुलाने "पण हे कळले कसे?" असे विचारले, त्याला काय उत्तर द्यावे, हा तिसरा. आणि लालबागसारख्या ठिकाणाहून जेमतेम दहा-पंधरा तारे दिसत असताना या खटाटोपाला काही अर्थ आहे का, हा चौथा.

बाई, चौथ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची तिन्ही उत्तरे त्याच्यावर उभी आहेत. दहा तारे पुरतात. गेली तीस वर्षे मी मुंबईत आणि मुंबईबाहेर आकाशदर्शनाचे वर्ग घेत आलो आहे, आणि अनुभव असा आहे की काळ्याभोर आकाशाखाली पहिल्यांदा उभा राहिलेला माणूस हरखतो खरा, पण तिथे त्याला एकही तारा नीट ओळखता येत नाही. मुंबईचे आकाश फक्त ठळक तारे शिल्लक ठेवते: व्याध, अगस्त्य, काक्षी, राजन्य, रोहिणी, ब्रह्महृदय, प्रश्वा, आणि उन्हाळ्याकडे चित्रा व स्वाती. त्यांत ग्रह मिळवले की झाले. पृथ्वीचे फिरणे, ग्रहांच्या कक्षा आणि प्रकाशाचा वेग या तिन्ही गोष्टी मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पटवून द्यायच्या असतील, तर त्यासाठी लागते ती एक कायमची जागा, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि वही. अंधार लागतो तो आकाशगंगा पाहायला, तेजोमेघ पाहायला. ते सुख वेगळे आहे आणि त्याविषयी शेवटी लिहितो.

आता मृग. आधी मोजायचे आणि मग कारण सांगायचे, हा क्रम मी कधी सोडत नाही, म्हणून तुम्हीही मुलांना आधी हा प्रयोग करू द्यावा. गच्चीवर अशी जागा शोधा जिथून पश्चिमेला साधारण तीस मीटरवर शेजारच्या इमारतीचा आडवा कठडा किंवा पाण्याच्या टाकीची सरळ कड दिसते. पुठ्ठ्याच्या तुकड्याला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडून तो आपल्या बाजूच्या कठड्याला पक्का बांधा आणि नेहमी त्या भोकाला डोळा लावूनच बघा. याला कारण आहे. कड तीस मीटरवर असेल आणि डोळा एक सेंटिमीटर वर किंवा खाली झाला, तर तारा कडेमागे जाण्याची वेळ पाचेक सेकंदांनी चुकते; मुले मान हलवतात, स्टूल सरकवतात, आणि मग आकडे जुळत नाहीत. कड आडवीच हवी, यालाही कारण आहे. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर असल्यामुळे पश्चिमेला मावळणारे तारे इथे क्षितिजाशी ७१ अंशांचा कोन करतात, म्हणजे जवळजवळ सरळ खाली उतरतात. लंडनमध्ये तोच तारा तिरका घसरत जाईल आणि तिथे उभी भिंतही चालेल. आपल्याकडे आडवी कड अधिक नेमकी वेळ देते.

तारा व्याध घ्यावा, कारण रात्रीच्या आकाशातला तो सर्वांत तेजस्वी तारा आहे आणि मुंबईच्या धुरकट हवेतही हरवत नाही. तारा कडेमागे गेला त्या क्षणी एका मुलाने "गेला" म्हणायचे आणि दुसऱ्याने वेळ लिहायची. माझ्या वहीतल्या एका एप्रिलच्या नोंदी अशा आहेत: पहिल्या रात्री ९ वाजून ४७ मिनिटे १० सेकंद, दुसऱ्या रात्री ९:४३:१६, तिसऱ्या रात्री ९:३९:१७, चौथ्या रात्री ढग, पाचव्या रात्री ९:३१:२८. चार दिवसांत १५ मिनिटे ४२ सेकंद, म्हणजे दिवसाला सरासरी ३ मिनिटे साडेपंचावन्न सेकंद. पुस्तकातला आकडा ३ मिनिटे ५६ सेकंदांचा आहे. पुठ्ठ्याच्या भोकातून एवढे जवळ जाता येते, हे मुलांनी स्वतः काढलेल्या आकड्यांत पाहिले की त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

कारण आता सोपे होते. पृथ्वी स्वतःभोवती पूर्ण ३६० अंश फिरते ते २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत. पण तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीच्या आपल्या कक्षेत जवळजवळ एक अंश पुढे गेलेली असते, कारण ३६५ दिवसांत ३६० अंश म्हणजे दिवसाला सुमारे एक अंशच झाला. त्यामुळे सूर्य पुन्हा कालच्याच जागी यायला तिला आणखी एक अंश फिरावे लागते आणि त्याला चार मिनिटे लागतात. आपले घड्याळ सूर्याप्रमाणे २४ तासांचे केलेले आहे. तारा रोज लवकर येत नाही. घड्याळ चार मिनिटे सूर्यासाठी थांबते. ही चार मिनिटे महिन्याला दोन तास होतात, सहा महिन्यांत बारा तास आणि वर्षभरात बरोबर एक पूर्ण फेरी. म्हणून जानेवारीत नऊला उंचावर असलेला मृग एप्रिलात नऊला सहा तास पुढचे आकाश दाखवतो. दोन फिरणी, एक स्वतःभोवतीचे आणि एक सूर्याभोवतीचे, वहीतल्या त्या चार मिनिटांत एकमेकांपासून वेगळी होतात. खगोलशास्त्राचा पहिला धडा मी हाच मानतो.

मग मे-जूनमध्ये मृग कुठे असतो? याचे उत्तर आपल्या भाषेत शेकडो वर्षे आहेच. जूनच्या ७ किंवा ८ तारखेला "मृग लागला" असे आपण म्हणतो आणि शेतकरी पेरणीचा विचार करू लागतो. मृग लागला याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्राच्या विभागात आला. सूर्यच त्या दिशेला असल्यावर ते तारे दिवसा आकाशात असतात, सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबर मावळतात. ते दिसणार कसे? हस्ताच्या पावसाचेही तेच. भोंडल्याला पाटावर हत्ती काढतो त्या दिवसांत सूर्य हस्तात असतो, म्हणून हस्ताचे तारे त्या दिवसांत रात्री शोधून सापडायचे नाहीत. सूर्याला २७ नक्षत्रांतून जायला वर्ष लागते, म्हणजे एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस. पावसाची नक्षत्रे पाठ असलेली आजी मुलांच्या घरी असेल, तर तिला पृथ्वीच्या कक्षेचे पंचांग तोंडपाठ आहे असे मुलांना सांगायला हरकत नाही.

चंद्राविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी त्याच गच्चीवरून त्याची उलटी चाल दाखवावी. तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो, कारण तो स्वतः पृथ्वीभोवती दिवसाला सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो आणि पृथ्वीला त्याला गाठायला तेवढे जास्त फिरावे लागते. ताऱ्यांच्या संदर्भात त्याची एक फेरी २७.३ दिवसांची, म्हणून नक्षत्रे सत्तावीस आणि चंद्राचा मुक्काम रोज साधारण एका नक्षत्रात. संकष्टीला चंद्रोदय कधी आठच्या सुमारास तर कधी दहाच्या पुढे का जातो, हे मुले घरी विचारतातच. सूर्यास्ताची बदलती वेळ, त्या दिवशी चतुर्थी कोणत्या टप्प्यावर आहे ते, आणि चंद्राचा मार्ग क्षितिजाशी किती तिरका आहे ते, ही तिन्ही कारणे त्यामागे असतात. भरतीही चंद्रामागे रोज तेवढीच उशिरा येते. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब याच ५० मिनिटांवर उभा आहे.

आता गुरू. गुरू मागे फिरत नाही. सूर्याभोवती सगळे ग्रह एकाच दिशेने फिरतात आणि कोणीही कधी थांबत नाही. तरीही तो ताऱ्यांमध्ये काही महिने मागे सरकताना दिसतो हे पूर्णपणे खरे आहे, आणि जुन्या ज्योतिर्विदांनी ते डोळ्यांनी पाहून अचूक टिपले. हे दिसणे कुठून येते ते फळ्यावर आकृती काढून मुलांना पटत नाही, मैदानावर पटते.

शाळेच्या मैदानात मध्यभागी एक खूण करा, तो सूर्य. दोन मीटर त्रिज्येचे वर्तुळ खडूने काढा, ती पृथ्वीची कक्षा. १०.४ मीटर लांब दोरीने बाहेरच्या वर्तुळाचा एक भाग काढा, ती गुरूची, कारण गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट दूर आहे. पृथ्वीच्या वर्तुळाचे बारा समान भाग करा, एक भाग म्हणजे एक महिना. पावलाच्या भाषेत सुमारे एक मीटर. गुरू महिन्याला फक्त अडीच अंश सरकतो, म्हणून त्याच्या वर्तुळावर दर ४५ सेंटिमीटरवर एक खूण. आता टाळीसरशी दोन्ही मुलांनी एकेक खूण पुढे जायचे, आणि पृथ्वी झालेल्या मुलीने दर वेळी गुरू झालेल्या मुलाच्या मागे लांबवर काय दिसते ते मोठ्याने सांगायचे. गेल्या वेळी दादरच्या एका मैदानावर आम्ही हे केले, तेव्हा मुलगी सांगत गेली: गुलमोहर, पिवळी इमारत, पिवळ्या इमारतीची उजवी कड, मोबाइलचा मनोरा, मनोराच, पुन्हा उजवी कड, पुन्हा पिवळी इमारत, आणि मग परत पुढे. पृथ्वी आतल्या बाजूने गुरूला ओलांडून गेली नेमक्या त्याच टाळ्यांना मागची दृश्ये उलटी आली होती. गुरू झालेला मुलगा मात्र शपथेवर सांगत होता की तो एकदाही मागे गेला नाही.

एक सूचना इथे द्यायलाच हवी. पहिल्यांदा हा प्रयोग मी घेतला तेव्हा मागच्या खुणा म्हणून मैदानाच्या कुंपणाचे खांब वापरले होते आणि सगळा घोटाळा झाला, कारण कुंपण जवळ असल्याने पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तेही सरकल्यासारखे दिसे. मागची खूण शक्य तेवढी लांबची हवी, मैदानापलीकडची इमारत किंवा मनोरा. आकाशात ही अडचण नाही, कारण मागचे तारे इतके दूर आहेत की पृथ्वीच्या फिरण्याने ते डोळ्यांना हलताना दिसत नाहीत.

पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, गुरू १३. दूरच्या ग्रहाला रस्ता लांब आणि त्याच्यावर सूर्याची ओढ कमी, म्हणून त्याचा वेगही कमी. केप्लरने १६१९ मध्ये मांडलेला नियम मुलांना हिशेबानेच दाखवावा: ५.२ चा घन करा, १४०.६ येतो, त्याचे वर्गमूळ काढा, ११.८६ येते, गुरूच्या प्रदक्षिणेची वर्षे तेवढीच आहेत. शनी सूर्यापासून साडेनऊ पट दूर, त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून तो एका राशीत सुमारे अडीच वर्षे असतो. पृथ्वी गुरूला दर तेरा महिन्यांनी ओलांडते आणि प्रत्येक वेळी गुरू सुमारे चार महिने वक्री दिसतो.

११.८६ हा आकडा महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो: २००३, २०१५, आणि आता २०२६-२७. गुरूची फेरी पूर्ण बारा वर्षांची असती तर हा हिशेब कायम बाराचाच राहिला असता, पण दर फेरीला तो ०.१४ वर्ष, म्हणजे सुमारे ५१ दिवस लवकर येतो आणि सात फेऱ्यांत हा फरक जवळजवळ एक वर्ष भरतो. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ मध्ये, अकराव्याच वर्षी आला, त्याचे कारण हेच. यंदाच्या सिंहस्थात तर वक्री गतीही दाखवता येते. गुरू २०२६ च्या ऑक्टोबरअखेर निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भात राशी मोजणाऱ्या, पंचांगाप्रमाणे सिंहेत शिरतो, वक्री होऊन २०२७ च्या जानेवारीत कर्केत परत येतो आणि जूनअखेर पुन्हा सिंहेत जातो. फेब्रुवारी २०२७ मध्ये पृथ्वी त्याला ओलांडते, त्या सुमारास तो सूर्यास्ताला उगवून रात्रभर दिसतो. मघा नक्षत्राचा ठळक तारा आणि गुरू यांमधले अंतर नोव्हेंबरपासून दर आठवड्याला हात लांब करून बोटांनी मोजले, तर मुलांना वक्री आणि मार्गी हे दोन्ही शब्द पाठ करावे लागणार नाहीत.

ग्रह आणि तारा ओळखायचा कसा, असेही मुले विचारतील. तारे इतके दूर आहेत की ते बिंदूच राहतात, आणि वाऱ्याच्या थरांतून येताना त्या एका बिंदूचा प्रकाश हेलकावतो, म्हणून तारा लुकलुकतो. ग्रह ही छोटीशी चकती असते. तिच्या वेगवेगळ्या भागांतून येणारे हेलकावे एकमेकांना सांभाळून घेतात आणि ग्रह शांत दिसतो. क्षितिजाजवळ मात्र ग्रहही थोडा थरथरतो, तेव्हा निकाल वर आल्यावरच द्यावा.

तिसऱ्या प्रश्नाकडे वळण्यासाठी गुरूच उपयोगी पडतो, कारण प्रकाशाला वेळ लागतो हे माणसाला पहिल्यांदा गुरूमुळेच कळले. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार मोठे उपग्रह पाहिले. तुमच्या गच्चीवरून साधी १०×५० ची द्विनेत्री दुर्बीण कठड्यावर स्थिर टेकवली तर तेही दिसतील. त्यांतला आयो हा उपग्रह साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फेरी मारतो आणि दर फेरीला गुरूच्या सावलीत जातो. पॅरिसमध्ये या ग्रहणांच्या वेळा वर्षानुवर्षे लिहिल्या जात होत्या, आणि ओल रोमर याच्या लक्षात आले की पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना ग्रहणे ठरल्यापेक्षा उशिरा होतात आणि जवळ येत असताना लवकर होतात. आयोला पृथ्वीच्या जाण्यायेण्याशी काय देणेघेणे? म्हणून १६७६ मध्ये त्याने निष्कर्ष काढला की उशीर ग्रहणाला होत नाही, ग्रहणाची बातमी आणणाऱ्या प्रकाशाला होतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, असा त्याचा अंदाज होता. आज आपल्याला माहीत आहे की व्यास सुमारे ३० कोटी किलोमीटर आणि प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर. भागाकार १,००० सेकंद, म्हणजे १६ मिनिटे ४० सेकंद. आकडा चुकला तरी विचार बरोबर होता, आणि तोही एका घड्याळावर आणि नोंदींच्या वहीवर उभा होता, हे तुमच्या विद्यार्थ्याला अवश्य सांगा.

त्याच्या "कळले कसे?" या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग ताऱ्यांच्या अंतराचा आहे. हात लांब करून अंगठा उभा धरा, एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. दोन डोळ्यांऐवजी कक्षेची दोन टोके घ्या, म्हणजे सहा महिन्यांच्या अंतराने तारा पाहा. जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांवर तशीच उडी मारतो. या उडीच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. तो किती बारीक असतो याची कल्पना देण्यासाठी मी वांद्रे-वरळी सागरी सेतू वापरतो. सेतू ५.६ किलोमीटर लांबीचा आहे. वांद्र्याच्या टोकाला कोणी दहा रुपयांचे नाणे धरले आणि तुम्ही वरळीच्या टोकावरून ते पाहिले, तर त्या नाण्याची रुंदी बरोबर एक विकला, म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग भरते. सूर्य सोडला तर एकाही ताऱ्याचा पराशय एवढासुद्धा नाही. बेसेलने १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या एका अंधूक ताऱ्याचा पराशय पहिल्यांदा खात्रीने मोजला, तो या नाण्याच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहूनही थोडा कमी होता, आणि त्यावरून ताऱ्याचे अंतर दहा प्रकाशवर्षांहून थोडे अधिक निघाले. अंतर माहीत झाले आणि वेग माहीत आहे, तर प्रवासाचा काळ हा साधा भागाकार उरतो. प्रकाश जुना आहे हे असे कळते.

मात्र बाई, वर्गात सांगितलेले एक वाक्य तुम्हाला दुरुस्त करावे लागेल. दिसणारे पुष्कळसे तारे विझलेले असतात, हे बरोबर नाही. ऐकायला ते फार सुंदर आहे आणि म्हणूनच ते इतके पसरले आहे. पण नुसत्या डोळ्यांना दिसणारे तारे बहुतेक काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत आणि अत्यंत अल्पायुषी महाकाय तारासुद्धा काही दशलक्ष वर्षे जगतो. सूर्यासारख्या ताऱ्याचे आयुष्य तर सुमारे एक हजार कोटी वर्षांचे. माणसाच्या हिशेबात सांगायचे तर हे काही मिनिटांपूर्वी पाठवलेले पत्र आहे. तेवढ्यात पाठवणारा गेला असेल, ही शक्यता नगण्य. मृगातला तांबूस काक्षी हा म्हातारा तारा आहे, सुमारे ५०० ते ७०० प्रकाशवर्षे दूर. २०१९ च्या अखेरीस तो इतका मंद झाला की आता त्याचा स्फोट होणार अशा बातम्या सगळीकडे आल्या. प्रत्यक्षात त्यानेच बाहेर टाकलेल्या धुळीने त्याला झाकले होते आणि पुढे तो पुन्हा उजळला. त्याचा स्फोट पुढच्या लाखभर वर्षांत कधीतरी अपेक्षित आहे, तेव्हा गेल्या ५००-७०० वर्षांत तो झालेला असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी भरते. मुलांनी हा भागाकार स्वतः केला तर उत्तम.

त्या वाक्याऐवजी वर्गात एक दुसरे काम देता येईल. प्रत्येकाने आपल्या वयाचा तारा शोधायचा. व्याध ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे आज दिसणारा त्याचा प्रकाश तिसरीतल्या मुलाच्या जन्माच्या सुमारास निघाला. सहावीतल्या मुलाला प्रश्वा, साडेअकरा. दहावीच्या वर्गाला श्रवण, १६.७, तो पावसाळा सरल्यावर संध्याकाळी डोक्यावर सापडेल. घरात पंचविशीतली ताई असेल तर अभिजित, सदतीस वर्षांच्या आईला स्वाती, त्रेचाळीसच्या बाबांना ब्रह्महृदय, आणि पासष्टीच्या आजीला रोहिणी. लांबचेही हवे असतील तर ध्रुवाचा प्रकाश सव्वाचारशेहून अधिक वर्षांचा आहे; शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, तो प्रकाश त्याआधीच तिथून निघालेला आहे. माझ्या अनुभवात मुलांना या एका कामाने अंतराचे जेवढे भान येते तेवढे शून्ये मोजून येत नाही.

मुंबईच्या उजेडाविषयी थोडे. शहराच्या विजेपुढे वेधांनी हार मानण्याची घटना इथे नवी नाही. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मोजमाप होत असे, पण मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या प्रवाहांनी उपकरणे बिघडतील म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला न्यावे लागले. आजची अडचण रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यांची आहे. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा त्यांत निळा प्रकाश जास्त असतो आणि हवेत निळाच जास्त विखुरतो, म्हणून आकाश अधिक पांढरट होते. दिवा खाली तोंड करून बसवला आणि वरून झाकला तरी पुष्कळ फरक पडतो. आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या आणि आवारातल्या दिव्यांपुरते हे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी सचिवांशी बोलायला मी कधी संकोच केला नाही.

पावसाळ्यात काही दिसत नाही. सप्टेंबरअखेर पाऊस उघडला की काही रात्री हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, त्या वाया घालवू नका. नंतर डिसेंबर-जानेवारीत धुरके वाढते, पण त्याच दिवसांत ठळक तारेही सर्वांत जास्त असतात. वरळीचे नेहरू तारांगण तुम्हाला जवळ आहे. तिथे मुलांना न्यावेच, पण गच्चीवरच्या पहिल्या आठवड्याच्या नोंदी झाल्यावर, कारण घुमटावर आकाश भराभर फिरवून दाखवतात तेव्हा नेमके काय फिरते आहे ते त्यांना आधी कळलेले हवे. आणि वर्षातून एकदा अमावास्येच्या जवळ, मध्य रेल्वेवर बदलापूरच्या पुढे वांगणीसारख्या ठिकाणी जावे, जिथे मुंबईची हौशी मंडळी वर्षानुवर्षे आकाश पाहायला जात आली आहेत. नोव्हेंबर-डिसेंबरात तिथून देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसू शकतो. तो प्रकाश २५ लाख वर्षांचा.

लालबागच्या गच्चीसाठी मात्र एक वेगळी रात्र सुचवतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास, दक्षिणेकडे बघणारी जागा मोकळी असेल तर, अगस्त्य बरोबर दक्षिणेला आपल्या सर्वाधिक उंचीवर असतो, आणि ती उंची इथे फक्त १८ अंश आहे. त्याच वेळी पाठ वळवून उत्तरेला पाहा. ध्रुव १९ अंशांवर असेल, मंद पण जागचा न हलणारा. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे साधारण दहा अंश, तेव्हा दोन्हीकडे दोन मुठींहून किंचित कमी. दिल्लीच्या मुलांना त्या रात्री ध्रुव तीन मुठींजवळ दिसेल आणि अगस्त्य एका मुठीहूनही खाली, म्हणजे बहुधा झाडांच्या आणि धुरक्याच्या मागे. ध्रुवाची उंची म्हणजे आपला अक्षांश. मुलांनी मुठीने मोजलेला आकडा वहीत लिहून दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या नकाशाशी ताडून पाहावा.